सबूरमामांचा ब्रेक

आमची गल्ली संपते आणि रस्ता कालव्याकडे उतरू लागतो, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये सबूरमामांचे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही आणि मामांचे खरे नाव सांगायचे झाले तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावे लागते. कुणी बिघडलेला ट्रॅक्टर घेऊन घाईघाईने आले आणि तक्रार सांगू लागले, की मामा हातातला पाना खाली न ठेवता म्हणतात, "सबूर. आधी तो बोलू दे." तो म्हणजे ट्रॅक्टर. मग इंजिन चालू करायला लावून डोळे मिटून ऐकत उभे राहतात. एकदा एका गिऱ्हाइकाने वैतागून विचारले होते, "मामा, झोप लागली का?" मामांनी डोळे न उघडता उत्तर दिले, "मला नाही. तुझ्या पंपाला लागलीय."

मी त्यांच्याहून वयाने मोठी, तरी मीही त्यांना मामाच म्हणते. ते मला वहिनी म्हणतात, कारण माझ्या यजमानांना ते दादा म्हणत. यजमानांनी ट्रॅक्टर घेतला त्या दिवसापासून त्याच्या पोटात मामांखेरीज दुसऱ्या कुणाचा हात गेलेला नाही. यजमान गेले, शेती पुतण्या पाहू लागला, ट्रॅक्टरचा मूळ रंग कोणता यावर घरात वाद होऊ लागले; पण मामा तेच राहिले.

गेल्या हिवाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा लवकर परतली, पायही काठीच्या आधाराने चालू लागला, पण डावा हात मागे रेंगाळला. कपाची कडी त्यांना धरता येई. कप उचलला की निम्मा चहा बशीत.

त्यांची मुलगी शहरात असते. जावयाने सासू-सासऱ्यांसाठी घरातली उजेडाची खोली रिकामी केली, तिला रंगसुद्धा दिला. मुलगी फोनवर म्हणे, "बाबा, हत्यारं देऊन टाका कुणाला तरी. दुकान कशाला अडवून ठेवायचं? इकडे या." प्रेमानेच म्हणे. मामा ऐकून घेत. शेवटी एकदा म्हणाले, "एक काम करून बघतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माझ्या हातानं. नाही जमलं तर कुलूप मीच घालीन, तुला सांगावं लागणार नाही."

"ठीक आहे. महिनाअखेरीला मी येते, तेव्हा ठरवू," ती म्हणाली.

हे सगळे मला मामींनी सांगितले. मामी शिवणकाम करतात. त्यांचे मशिन घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी. मागच्या दाराने बाहेर पडले की दुकान. मामा अंथरुणाला खिळून होते तेव्हा मामी अधूनमधून दुकान उघडत आणि सगळे पुसून ठेवत. मी एकदा पाहायला गेले तर पाने, हातोड्या, कानशी, सगळे आरशासारखे लखलखत होते. मामी एका चिंधीवर शिलाई मशिनचे तेल घेऊन हाताला येईल ती वस्तू चोळत होत्या.

"एवढं कशाला करता?" मी विचारले.

"वहिनी, ते बरे होऊन इथं पाऊल टाकतील आणि पहिला दिसेल तो गंज. मग म्हणतील, आपलंही असंच झालं. नको. त्यांच्या डोळ्याला गंज दिसता कामा नये."

मशिनचे तेलच का, तर ते पाण्यासारखे स्वच्छ असते, त्याचा वास येत नाही आणि कापडाला डाग पडत नाही. मामींच्या लेखी तेल म्हणजे तेच. बाकीची सगळी घाण.

तर मामांनी आपल्यापुढे हा पण ठेवला आणि काम चालून आले ते आमच्याच घरचे. पुतण्या शेतातून येत होता. उतारावर ब्रेक दाबला तर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी किंकाळी ऐकू आली आणि ट्रॅक्टर थांबायचे नाव घेईना. प्रसंगावधान राखून त्याने तो आमच्याच गवताच्या गंजीत घातला. घरात आला तेव्हा त्याच्या केसांत गवत, कानात गवत.

"काकू, ब्रेकनं हात वर केले," तो म्हणाला. "गंजी होती म्हणून बरं. मोठ्या गॅरेजात न्यायला हवा. मामांना आता कसं सांगायचं?"

सांगावे लागलेच नाही. ती किंकाळी मामांनी घरात बसून ऐकली होती. काठी टेकत ते आमच्या फाटकात येऊन उभे राहिले आणि पुतण्याकडे न पाहता मला म्हणाले, "वहिनी, लायनर संपलेत. मी करणार."

ज्यांनी ब्रेकचे पोट उघडून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ब्रेकचा शू म्हणजे चंद्रकोरीसारखा वाकलेला लोखंडी तुकडा. त्याच्या पाठीवर लायनर नावाचा जाड, काळपट पट्टा तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकून बसवलेला असतो. प्रत्येक मागच्या चाकाच्या ड्रममध्ये असे दोन शू. ब्रेक दाबला की पट्टे ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबते. पट्टा झिजत झिजत रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आला, की तांबे ड्रमला ओरबाडू लागते. आमच्या ट्रॅक्टरचे तेच झाले होते.

पुतण्याने जॅक लावला, चाके उतरवली, ड्रम काढले. आतली धूळ मामांनी फुंकू दिली नाही. ओल्या फडक्याने टिपायला लावली. "माझे उस्ताद फुंकायचे. छाती गेली त्यांची," एवढेच म्हणाले. शू दुकानात नेले आणि पुढचे मामांनी कुणाला शिवू दिले नाही. जुनी रिव्हेटे काढली, शू तारेच्या ब्रशने घासून उघडे केले. फडताळावरच्या खोक्यात या ट्रॅक्टरचे नवे लायनर होते. आता असले कुठे मिळत नाहीत म्हणून त्यांनी कधीचे जपून ठेवलेले. एका बाजूचे उघड्या पुड्यात, दुसऱ्या बाजूचे कागदात बंद.

खरी परीक्षा रिव्हेट ठोकण्याची. बाकाला जोडलेल्या व्हाइसच्या जबड्यात एक बोथट खुंटी उभी आवळतात. रिव्हेटचे डोके त्या खुंटीवर टेकवायचे, वर आलेल्या पोकळ शेपटावर पंच नावाची लोखंडी कांडी धरायची आणि हातोडी मारायची. शेपूट फुलासारखे उमलते आणि पट्टा शूला आवळला जातो. हे दोन माणसांचे काम. मामा मात्र आयुष्यभर एकट्याने करत आले. शू डाव्या तळव्यात आणि पंच त्याच हाताच्या दोन बोटांत. "सगळं डोकं डाव्या हाताला," ते म्हणायचे. "उजवा नुसता हमाल."

आता हमाल शाबूत होता आणि डोके गेले होते.

मी खुर्ची टाकून दारात बसले होते. मामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि दातांनी ओढून शू मनगटाला बांधला. पंच बोटांत धरला, तो पडला. वाकून उचलला, धरला, पुन्हा पडला. आवाज ऐकून मामी मशिनवरून उठून आल्या.

"अहो, मी धरते ना."

"आजवर कोणी धरलाय?"

"आजवर तुम्ही मनगटाला ट्यूब बांधत होता?"

"तू तुझी कॉलर बघ."

मामी पाय आपटत गेल्या, पण मशिनचा आवाज काही येईना. त्या आतल्या बाजूला दाराआड उभ्या होत्या.

मामांनी पंचालाही ट्यूबची चिंधी गुंडाळली. तो आता बोटांत अडकून राहू लागला. पहिले रिव्हेट मधल्या भोकात. टोकापासून सुरुवात केली तर पट्टा मध्ये पोट काढतो, म्हणून मधून दोन्ही टोकांकडे जायचे. एक बसवले की थांबायचे, हात मांडीवर ठेवायचा, परत उचलायचा. दोनदा हातोडी अंगठ्यावर बसली. त्यांनी अंगठ्याकडे असे पाहिले, जणू तो दुसऱ्याचाच आहे. किती दिवस लागले ते मी मुद्दामच मोजले नाही. पण सगळे शू झाले. एकट्याने झाले.

चाके चढवली. ब्रेकचा आवळ मामांनी चाक हाताने फिरवून, कान लावून जुळवला. पुतण्या ट्रॅक्टरवर बसला. मामांनी त्याला आधी सपाट रस्त्यावर ब्रेक दाबत दाबत बरेच फिरायला लावले आणि मग उताराच्या तोंडाशी आणले. सवयीने त्यांनी चाकापुढे वीट ठेवली होती. ती मी बाजूला केली. मामी हातातले शिवण तसेच घेऊन आल्या.

"सोड," मामा म्हणाले. ट्रॅक्टर निघाला. "आता दाब."

पुतण्याने ब्रेक दाबला. डावे चाक जागच्या जागी थबकले, उजवे चालतच राहिले. ट्रॅक्टर गर्रकन डावीकडे वळला आणि आमच्या कुंपणाचा एक तुकडा घेऊन थांबला.

पुतण्या खाली उतरला. "काकू, कुंपण मी लावून देतो," तो म्हणाला. मग मामांकडे वळून अगदी हळू, "होतं असं, मामा. मी गॅरेजात दाखवून आणतो. तुम्ही खूप केलंत."

त्या 'खूप केलंत'ने मामांचा चेहरा उतरला. ते आमच्या पायरीवर बसले. डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"अगं," ते मामींना म्हणाले, "मुलीला फोन लाव. म्हणावं, येतोय आम्ही."

"आधी उघडून तर बघा."

"काय बघायचंय? उजव्या बाजूची रिव्हेटं ढिली बसलीत. तेव्हाच माझी बोटं थरथरत होती."

"बघितलीत ढिली? डोळ्यांनी?" मामींचा आवाज चढला. "साऱ्या जगाला सांगता, आधी तो बोलू दे. आणि आज तोच बोलायच्या आत तुम्ही निकाल देऊन मोकळे! का, वहिनींचा ट्रॅक्टर मुका आहे?"

पुतण्या जॅक घेऊन आला.

उजवा ड्रम निघाला. मामांनी हातोडीच्या दांड्याने एकेका रिव्हेटवर टकटक केले. आवाज भरीव. कागदाची पट्टी घेऊन शू आणि लायनर यांच्यामध्ये सरकवून पाहिली. कुठेच शिरेना. मामा चक्रावले. मग त्यांनी लायनरवरून बोट फिरवले आणि उजेडात धरले. बोट चकाकत होते.

"आतलं सील गेलं, मामा," पुतण्या म्हणाला. "ॲक्सलमधलं तेल येतंय."

"सबूर." मामांनी मागच्या बाजूला बोट लावले. तिथे कोरडी धूळ. "सील बरं आहे. आणि ते तेल काळं असतं, दाट, वास मारतं. हे बघ, पाण्यासारखं. वास नाही. तापल्यावर पट्ट्यातून घाम आल्यासारखं बाहेर आलंय. पण पट्ट्यात गेलं कुठून?"

 मग मामींनी विचारले, "कापडाला डाग पडत नाही, तसलं आहे का ते?"

मामांनी बोट सदऱ्याला पुसले, सदऱ्याकडे पाहिले आणि मामींकडे पाहिले.

"मशिनचं आहे," मामी म्हणाल्या. "माझ्या."

"तुझ्या मशिनचं तेल ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये कसं जाईल?"

"तुम्ही आजारी होता तेव्हा मी सगळं पुसत होते ना. त्या खोक्यातला एक पुडा उघडा होता. आतले काळे पट्टे इतके कोरडे ठक्क दिसले... म्हटलं, यांनाही थोडं लावावं. दर वेळी लावायची." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "त्याला तेल चालत नाही का?"

"मामी," पुतण्या म्हणाला, "साबण लावला असता तरी चाललं असतं एक वेळ."

मामांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, गेला यांचा धीर. मी पुढे झाले तर ते हसत होते. आवाज न करता, तोंड उघडे टाकून, डोळे पुसत हसत होते.

"मी तुमच्या कामाचं वाटोळं केलं आणि तुम्ही हसता?" मामी रडता रडता चिडल्या.

"अगं, म्हणजे हात नाही चुकला!" मामांनी तो डावा हात उजव्या हाताने उचलून तिच्यापुढे धरला. "एकही रिव्हेट हललेलं नाही. कागद जात नाही आत! हात नाही चुकला, तेल चुकलं. वहिनी, ऐकलंत?"

मी ऐकले होते.

"मग पुसून टाका तेल आणि बसवा," पुतण्या म्हणाला.

"पुसून जायचं नाही ते. मुरलंय. तापलं की पुन्हा घाम फुटणार." मामा विचारात पडले. "अगं, दुकानात दाराच्या मागं, वरच्या खिळ्याला विणलेल्या लायनरची गुंडाळी आहे. तिलाही लावलंस तेल?"

"तिथं माझा हात पोचत नाही."

"बुटकी आहेस तेच बरं आहे."

मामी रडायच्या थांबल्या. "लग्नात तर तुम्ही म्हणाला होता, उंची चांगली आहे."

"तेव्हा मी घाईत होतो."

गुंडाळीतून पट्टे कापून, भोके पाडून, रिव्हेटची डोकी बुडतील असे खळगे करून घ्यायचे म्हणजे पहिल्यापेक्षा मोठे काम होते. डाव्या चाकाचे लायनर चांगले होते, तेही मामांनी काढायला लावले. पुतण्या कुरकुरला. "ते कशाला? ते तर धरतायत."

त्याला उत्तर मामींनी दिले. "एक बाही एका कापडाची आणि दुसरी दुसऱ्याची, असा सदरा घालशील का तू? एक आटेल, एक नाही. मग ओढ बसेल."

मामांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

भोकांच्या जागा आखायला मामींनी जुन्या लायनरवर कागद दाबून नमुना कापला, कॉलरचा कापतात तसाच. तो पट्ट्यावर ठेवून खडूने खुणा केल्या. पुतण्याने ड्रिल चालवले, मामांनी प्रत्येक खळग्यात करंगळीचे टोक घालून खोली पाहिली. ड्रम पेट्रोलने धुतला. मग व्हाइसमध्ये खुंटी आवळली आणि मामा स्टुलावर बसले. ट्यूबची पट्टी बाकावर पडली होती. ती त्यांनी उचलली नाही.

"ये, धर," ते म्हणाले.

मामी जागच्या हलल्या नाहीत. "आजवर कोणी धरलाय?"

"आजवर धरला नाही. एकट्यानं करून झालं, ते ट्रॅक्टरला कळलं, मला कळलं. आता कुणाला दाखवायचंय?"

मामी आत गेल्या. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कोरड्या पंच्याने पुसले आणि शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही तळवे मामांच्या नाकासमोर धरले. "घ्या वास. मागून नको बोलणी."

मी पुन्हा दारात खुर्ची टाकली. मामी शू धरून खुंटीवर टेकवत होत्या, मामा थरथरत्या डाव्या हाताने पंच ठेवत आणि उजव्याने हातोडी मारत.

"हलवू नकोस."

"मी नाही हलत. तुम्ही हलताय."

"आता हे टोकाचं—"

"टोकाचं कसं? मधलं आधी. कॉलरसुद्धा मधूनच टाचतात, नाहीतर पोट काढते."

"मी तुझी परीक्षा घेत होतो."

"घ्या, घ्या."

एक रिव्हेट वाकडे बसले. मामींना चालले असते, मामांनी ते काढून टाकले. दुसरे एक मामांना चालले असते, ते मामींनी काढायला लावले. दुपारी पुतण्या डोकावून गेला. "मामा, शेत वाट बघतंय, जरा हात—"

"सबूर!" दोघे एकदम म्हणाले.

मुलगी ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीला आली. बसमधून उतरून थेट घरी गेली तर घराला कुलूप. शोधत आमच्याकडे आली, तर सगळे उतारावर. ट्रॅक्टर कालव्याकडे तोंड करून उताराच्या मधोमध उभा होता, इंजिन बंद. पुतण्याने उचलल्यासारखे करून मामांना सीटवर बसवले होते. डावा हात मांडीवर, बोटे अजून मिटलेलीच. उजवा पाय ब्रेकवर.

"बाबा! तिथं काय करताय? उतरा खाली!"

"आलीस? बरं झालं. ती चाकापुढची वीट काढ."

"वीट काढ? वेड लागलं का?" तिने आईकडे पाहिले. मामींनीच पुढे होऊन विटेला पायाने बाजूला सारले. ट्रॅक्टर तसाच उभा.

"आता मागे जा आणि ढकल," मामा म्हणाले.

"काय?"

"ढकल म्हणतोय ना. तू म्हणाली होतीस, महिनाअखेरीला ठरवू. हे ठरवणं."

पिशवी माझ्या हातात देऊन ती मागे गेली. आधी हसत, उगीच ढकलले. मग दोन्ही हात लावून. मग पाय रोवून. पुतण्या तिच्या शेजारी आला. मामींनीही पदर खोचून खांदा लावला. चाक तसूभर हलले नाही.

"अजून!" मामा वरून ओरडले.

ती धापा टाकत थांबली. वर बापाकडे पाहिले, मांडीवरच्या त्या हाताकडे पाहिले. 

"नाही हलत," ती म्हणाली.

"कुणी बसवलेत लायनर, विचार."

"कुणी?"

"आम्ही," मामा म्हणाले. मामी तोंड फिरवून पदर सारखा करू लागल्या.

मुलीने हात झटकले. "त्या दुकानात दिवा किती मिणमिणता आहे, आई. हे डोळे फोडून घेतात. मी जायच्या आधी चांगला लावून जाते. आणि हाताचा व्यायाम रोज करायचा, मी फोनवर मोजणार."

"आणि तुझ्याकडची रंगवलेली खोली?" मामींनी विचारले.

"राहू दे तशीच. पाहुणे म्हणून या." तिने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थाप मारली. "बाबा, उतरा आता. झालं ना?"

"सबूर," मामा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "उभा राहू दे अजून थोडा."